भुसावळचा नकाशा बसवताना

या संवादातली मामा-भाचीची जोडी मी रचलेली आहे. त्यांच्या हातातले कागद मात्र खरे आहेत, आणि महाराष्ट्रातल्या कुठल्याही नगरपालिकेच्या गावात ते पाहायला मिळतील. मामांची सगळी नोकरी भूमी अभिलेख खात्यात गेली, भूकरमापक म्हणून. भाची संगणकावर नकाशांचं काम करते. वेगवेगळ्या खात्यांनी दिलेल्या फाइली एकत्र करून शहराचा एकच नकाशा तयार करायचा, हे तिच्याकडे आलेलं काम. त्यावरून दोघांचं पटत नाही. माझा कल कुठे आहे ते मी लपवणार नाही, पण आधी त्यांना बोलू द्यावं.

भाची : पाच फाइली आल्यात, मामा. सिटी सर्व्हेचा नकाशा, शेजारच्या गावांचे गट नकाशे, नगरपालिकेची घरपट्टीसाठी केलेली मोजणी, तापीची पूररेषा आणि प्रभागांच्या हद्दी. पाचही भुसावळच्याच. एकावर एक टाकल्या की एकच रस्ता तीन ठिकाणी दिसतो.

मामा : दिसणारच. पाच खात्यांनी पाच कामांसाठी, वेगवेगळ्या काळात केलेत ते. पुढे कोणी हे सगळे एकावर एक ठेवणार आहे, असं गृहीत धरून एकानंही केलेला नाही.

भाची : एक फाइल तर भुसावळात उघडलीच नाही. छत्तीसगडात, रायपूरच्या दक्षिणेला अभनपूरच्या आसपास जाऊन पडली.

हे ऐकायला विचित्र वाटतं, पण कारण अगदी साधं आहे. मीटरमध्ये मोजता यावं म्हणून पृथ्वीचे सहा-सहा अंशांचे साठ पट्टे पाडलेले आहेत. 72 ते 78 अंश पूर्व रेखांशांमधला पट्टा 43 क्रमांकाचा. सगळा खानदेश त्यात येतो. 78 च्या पलीकडे 44 वा पट्टा लागतो, त्यात नागपूर येतं. प्रत्येक पट्ट्यात आकडे पुन्हा पहिल्यापासून मोजतात. त्यामुळे भुसावळचे आकडे 44 व्या पट्ट्याचे समजून वाचले, की गाव सहा अंश पूर्वेला, म्हणजे सहाशे किलोमीटरहून जास्त दूर सरकतं. आकडा बरोबर असतो, तो कोणत्या पट्ट्यातला हे सांगणारी ओळ गळालेली असते. ती गळते कशी? आपण जिला शेपफाइल म्हणतो ती एक फाइल नसते, चार-पाच फाइलींचा जुडगा असतो. आकार एका फाइलीत, तक्ता दुसरीत, पट्टा आणि मापनपद्धती तिसरीत. ईमेलनं पाठवताना ही तिसरी राहून जाते.

मामा : असली चूक परवडली. पाहताक्षणी कळते. मला भीती वाटते ती शंभर मीटरच्या चुकीची.

भाची : तीही आहे. जुन्या टोपोशीटवरून उतरवलेला थर सरळ तेवढा सरकलेला दिसला.

टोपोशीट म्हणजे भारतीय सर्वेक्षण विभागाचा नकाशा. असे जुने नकाशे एव्हरेस्ट नावाच्या गोलाभावर बेतलेले होते. गोलाभ म्हणजे पृथ्वीचा मोजणीसाठी मानलेला आकार, आणि हा 1830 सालचा. उपग्रहावर चालणारी यंत्रं डब्ल्यूजीएस-84 हा गोलाभ मानतात. जुन्या नकाशावरचे अक्षांश-रेखांश रूपांतर न करता नव्यावर टाकले, तर भुसावळच्या भागात शंभर मीटरहून जास्त फरक पडतो. शहरात तेवढ्यात दोन गल्ल्या बदलतात. 2005 च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानंतर नागरी वापराचे ओपन सिरीज नकाशे डब्ल्यूजीएस-84 वर आले, पण कार्यालयांच्या कपाटांतले जुने कागद आणि त्यांवरून केलेल्या फाइली कुठे गेल्या नाहीत. भुसावळच्या वाट्याला आणखी एक अडचण आलेली आहे. टोपोशीटची कडा 75 अंश 45 मिनिटांवर येते, ती नेमकी साकेगाव आणि भुसावळ यांच्या मधून जाते. साकेगाव 46 ओ/12 या शीटवर, भुसावळ 46 ओ/16 वर. दोन शीट दोन वेगळ्या माणसांनी संगणकावर उतरवली असतील, तर महामार्गाची रेघ त्या कडेवर तुटते.

मामा : आता माझ्या कागदांकडे ये. गट नकाशा म्हणून तू जो स्कॅन घेतलास, तो मुळात काय आहे? तेहतीस फुटांची साखळी, तिचे सोळा आणे. साखळी गुणिले साखळी म्हणजे एक गुंठा, चाळीस गुंठ्यांचा एकर. मोजणीदार शेतात साखळी टाकायचा, शंकूनं काटकोन धरायचा आणि मापं टिपणात लिहायचा. गाव नकाशा नंतर त्यावरून काढलेला. पुरावा टिपणाचा, नकाशा त्याचं चित्र.

भाची : टिपणं सगळी मिळतात का, मामा? कुठे फाटलेली, कुठे आकडे उडालेले. हातात येतो तो नकाशाच.

मामा : मग त्या नकाशात बारकावा किती, ते तरी ध्यानात घे. दहा साखळ्यांना एक इंच, म्हणजे तुमच्या भाषेत 1:3960. त्यावर शाईची अर्ध्या मिलिमीटरची रेघ जमिनीवर किती होते?

भाची : दोन मीटर.

मामा : वीस साखळ्यांना इंच असेल तर चार. शिवाय कागद आकसतो, घडीवर झिजतो. आणि तू त्याच्या शेजारी काय ठेवतेस, तर रोव्हरनं मोजलेली भिंत.

रोव्हर हे आताचं मोजणीचं यंत्र. राज्यात 77 ठिकाणी कायमची संदर्भ केंद्रं बसवलेली आहेत. त्यांच्या आधारानं रोव्हर काही सेंटिमीटरच्या आत जागा सांगतो. सेंटिमीटरची भिंत आणि दोन मीटर जाडीची रेघ संगणकाच्या पडद्यावर सारख्याच बारीक दिसतात. माझ्या मते सगळ्या घोटाळ्याचं मूळ इथे आहे. कागदाचा नकाशा हातात घेतला की त्याचं वय दिसायचं, त्यावरचं माप वाचता यायचं. फाइलीत हव्या तितक्या जवळ जाता येतं, आणि रेघ कितीही जवळून पाहिली तरी जाड होत नाही.

भाची : म्हणूनच नकाशा ताणून बसवावा लागतो. ड्रोनच्या चित्रात मंदिराचा कोपरा दिसतो, विहीर दिसते, जुना तिठा दिसतो. जुन्या नकाशातल्या त्याच खुणा त्यांच्यावर नेऊन ठेवायच्या, मधल्या रेघा आपोआप सरकतात. रबर शीटिंग म्हणतात त्याला.

मामा : तेच मला मान्य नाही. तू विहीर सरकवलीस की शेजारचा बांध सरकतो. त्या बांधाच्या दोन्ही बाजूंना माणसं आहेत, पोरी. साध्या अभिलेखातली लेखनचूक दुरुस्त करायला महसूल संहितेत कलम 155 आहे. अधिकाऱ्याच्या स्वतःच्या नजरेला आलेली चूकसुद्धा संबंधितांना नोटीस दिल्याशिवाय दुरुस्त करता येत नाही. तुझा माउस हलला की शंभर घरांच्या रेघा हलतात. नोटीस कोणाला दिलीस?

भाची : मी हक्काचा कागद बदलत नाहीये. मी फक्त नियोजनासाठी नकाशा करते.

मामा : हे तुला माहीत आहे. चार वर्षांनी ती फाइल ज्याच्या हातात जाईल, त्याला कोण सांगणार?

मामांचा हा प्रश्न मला बिनतोड वाटतो, आणि तापीकाठाचं उदाहरण घेतलं की तो किती गंभीर आहे ते कळतं. आपल्याकडे नदीकाठी दोन रेषा आखतात. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. निळ्या रेषेच्या आत नव्या बांधकामाला मनाई; निळ्या आणि लाल रेषेच्या मध्ये अटींवर परवानगी. आता काठावरचं एक घर घ्या. सिटी सर्व्हेच्या फाइलीत ते निळ्या रेषेच्या तीन मीटर बाहेर दिसतं, घरपट्टीच्या फाइलीत दोन मीटर आत. नदी जागची हललेली नाही, घरही नाही. जुळवणी करणाऱ्यानं कोणती फाइल आधार मानली, एवढ्यावर त्या घराच्या वरच्या मजल्याचा निकाल लागतो.

याहून नाजूक गोष्ट पुढे आहे. पूररेषा मुळात उंचीवरून काढलेली असते. पाणी अमुक पातळीला आलं तर जमिनीवर कुठपर्यंत पसरेल, ते ती दाखवते. घराचा नकाशा आडवा ताणला तर निदान घर ड्रोनच्या चित्राशी ताडून पाहता येतं. पूररेषा आडवी ताणली की तिचं उंचीशी असलेलं नातं तुटतं, आणि मग ती कशाचीच रेषा राहत नाही. सगळे थर एकदम निवडून एकाच हिशेबानं ताणणं हे संगणकावर दोन मिनिटांचं काम आहे. ते करू नये. पूररेषा हलवायची असेल तर ती जिथून आली त्या पातळ्यांपर्यंत मागे जाऊन पुन्हा काढावी. इथे मी पूर्णपणे मामांच्या बाजूचा आहे.

पण भाचीचं म्हणणंही संपलेलं नव्हतं.

भाची : मग थांबू का, मामा? सगळ्या हद्दी नव्यानं मोजून होईपर्यंत? तुमच्या ऑफिसात मोजणीचे अर्ज किती दिवस पडून असतात ते तुम्हीच सांगता. पाऊस थोडाच थांबणार आहे. रेल्वे यार्डाखालून जाणारे नाले पाहा. आपल्या गावाचे दोन भाग रेल्वेनं केलेत. नगरपालिकेच्या फाइलीत नाला रेल्वेच्या कुंपणापाशी येतो आणि संपतो. पलीकडे पुन्हा सुरू होतो, दुसऱ्याच नावानं. मधे काहीच नाही.

मामा : मधे रेल्वेची मोरी आहे.

भाची : मोरी आहे, पण ती रेल्वेच्या कागदात. त्यांचा हिशेब किलोमीटरच्या खांबांवर चालतो, अमुक किलोमीटरवर अमुक क्रमांकाची मोरी. माझ्याकडे ती एका ठिपक्याच्या रूपात येते. नाला रेघ, मोरी ठिपका. शेपफाइलीत रेघा आणि ठिपके एकत्र राहत नाहीत, म्हणून संगणक त्यांना कधीच जोडत नाही. हा ठिपका त्या रेघेचा पुढचा भाग आहे, हे जागेवर जाऊन कोणीतरी पाहायला हवं.

भुसावळचा नकाशा इतर गावांपेक्षा अवघड आहे तो यामुळे. इथे गावाच्या मधोमध यार्ड आणि रेल्वेच्या वसाहती, पलीकडे आयुध निर्माणी, दीपनगरला वीज केंद्र. संविधानाच्या अनुच्छेद 285 प्रमाणे केंद्र सरकारच्या मालमत्तेला स्थानिक कर लागत नाही. म्हणून घरपट्टीच्या फाइलीत रेल्वेची जागा कोरी असते. कर नाही म्हणून मोजणी नाही, मोजणी नाही म्हणून नकाशा नाही. पाणी मात्र त्याच कोऱ्या जागेतून वाहतं.

भाची : इथे मला दोन मीटरची चूक चालते, मामा. पाच मीटरचीही चालेल. नाला कुठून शिरतो, कुठून निघतो आणि मोरी किती रुंद आहे, एवढं एका नकाशावर दिसलं तरी वरच्या वस्तीत पाणी का तुंबतं ते कळेल. तुमच्या अचूकतेची वाट पाहिली तर तोवर किती पावसाळे लोकांच्या घरात शिरतील?

मामा : नाल्याला चालेल. बांधाला चालणार नाही.

भाची : मग तसंच लिहिते. प्रत्येक थरावर.

मामा : कसं लिहिणार?

भाची : तक्त्यात चार रकाने वाढवायचे. मूळ कागद कोणता, कोणत्या सालचा, कोणत्या मापाचा, आणि जमिनीवर किती मीटर इकडेतिकडे असू शकतो. शेपफाइलीत रकान्याच्या नावाला दहाच अक्षरं मिळतात, पण तेवढ्यात भागतं.

मामा काही वेळ गप्प राहिले. मग त्यांनी तक्त्यांचा विषय काढला, आणि इथे दोघांचं पहिल्यांदा एकमत झालं: रेघांपेक्षा तक्ते जास्त फसवतात.

नावावरून दोन तक्ते जोडणं हा त्यातला मोठा फास. रेल्वे भुसावळचं इंग्रजी स्पेलिंग व्ही घालून करते, जनगणना डब्ल्यू घालून. संगणकाला ही दोन गावं वाटतात. जुन्या फाइलीत एदलाबाद तालुका असतो, नव्या फाइलीत मुक्ताईनगर. बुद्रुक आणि खुर्द कुठे पूर्ण लिहिलेलं, कुठे नुसतं अक्षर, कुठे गाळलेलंच. मराठी नावं लिपीसंकेताची नोंद न ठेवता जतन केली, तर पुढच्याच्या पडद्यावर नुसती प्रश्नचिन्हं उमटतात. यावर इलाज आहे आणि तो अवघड नाही. गाव नावानं जोडू नये, जनगणनेच्या सहा अंकी गावक्रमांकानं जोडावं.

घरांचं मात्र इतकं सरळ नाही.

मामा : सिटी सर्व्हे नंबर एक, आणि त्यावर भावाभावांची चार घरं. घरपट्टीची खाती चार. हे कसं जोडलंस?

भाची : पहिल्यांदा जोडलं तेव्हा दोनशे चौरस मीटरचा प्लॉट आठशेचा झाला. प्रत्येक खात्यासमोर पूर्ण प्लॉटचं क्षेत्र येऊन बसलं, आणि बेरीज चौपट. नकाशावर काहीच चुकलेलं दिसत नव्हतं.

मामा : आणि त्या क्षेत्रावर बिलं निघाली असती तर?

या प्रश्नाला खानदेशात इतिहास आहे. 1852 साली इंग्रज सरकारची महसुली मोजणी या भागात आली, तेव्हा सावदा, फैजपूर, एरंडोल या गावांमधून उघड विरोध झाला आणि तो मोडायला लष्कर आणावं लागलं. आमचं शेत कोण मोजतो, कोणत्या मापानं मोजतो आणि त्यावरून आमच्यावर काय बसवणार आहे, हे विचारणारे ते शेतकरी होते. मोजणी पुढे झाली, आणि त्या मोजणीच्या कागदांनीच नंतर अनेकांच्या जमिनी राखल्या, हेही खरं. पण आधी न सांगता केलेलं मोजमाप लोक आपल्या विरुद्ध धरतात. त्यात त्यांची काही चूक नाही.

नकाशा सुधारताना लोकांना कसं सोबत घ्यावं याचं एक चांगलं उदाहरण ब्रिटनचं आहे. तिथल्या ऑर्डनन्स सर्व्हेनं 2001 ते 2006 या काळात ग्रामीण भागाच्या 1:2500 नकाशांची स्थानं सुधारली. उपग्रहाच्या मोजणीपुढे जुने नकाशे काही मीटरनं कमी-जास्त पडत होते. नकाशा बदलला की त्यावर रेघा मारून ठेवलेल्या प्रत्येक नगरपालिकेची, पाणी कंपनीची फाइल चुकीची ठरणार होती. म्हणून त्यांनी आधीची जागा आणि नंतरची जागा यांच्या जोड्या वापरणाऱ्यांना दिल्या. कुठली खूण किती आणि कुठे सरकली, ते सगळ्यांपुढे ठेवलं.

भाची : तेच करायचं मनात आहे. एकत्र नकाशासोबत तफावतीची वेगळी फाइल. जिथे दोन नकाशे जुळले नाहीत तिथे एक खूण, किती मीटरचा फरक, आणि मी कोणता नकाशा धरला त्याचं कारण. मूळ पाचही फाइली जशा आल्या तशा जपायच्या, त्यांना हात लावायचा नाही.

मामा : आणि सही कोणाची?

भाची : म्हणजे?

मामा : टिपणावर मोजणीदाराची सही असते. मोजणीनंतर मिळणाऱ्या क-प्रतीवर असते. चुकलं तर माणूस सापडतो. तुझ्या एकत्र नकाशावर सही कोणाची? तुझी? ठेकेदाराची? मुख्याधिकाऱ्यांची?

याचं उत्तर भाचीकडे नव्हतं. प्रत्येक थराचा मालक वेगळा: सिटी सर्व्हे भूमी अभिलेखाचा, पूररेषा जलसंपदा विभागाची, घरपट्टी नगरपालिकेची. प्रभाग तर 2011 च्या जनगणनेच्या प्रगणक गटांवर बेतलेले. एकत्र केलेल्या नकाशाचा मालक कोण, हा प्रश्न सुटल्याशिवाय तो कोणत्याही परवानगीला किंवा नोटिशीला जोडू नये, असं मामांचं ठाम मत आहे. शिवाय तो लोकांना दाखवूही नये, असं ते म्हणतात. लोक छापून घेतील, भावाविरुद्ध कोर्टात नेतील. भाचीला हे मान्य नाही. लोकांनी पाहिल्याशिवाय चुका सापडणारच नाहीत, असं ती म्हणते. दोघंही आपापल्या जागी राहिले.

परवानगीबाबत मी मामांचं ऐकेन, दाखवण्याबाबत भाचीचं. नकाशा दडवून भांडणं थांबलेली नाहीत, ती फक्त उशिरा कळतात. आपल्या घराची भिंत कुठे आहे हे त्या घरातल्या माणसाइतकं कोणत्याही ड्रोनला ठाऊक नसतं. तेव्हा नकाशा दाखवावा, पण तफावतीच्या फाइलीसह. आणि हद्दीच्या वादात हा पुरावा नाही, हे प्रत्येक पानावर ठळक छापावं. सही नगरपालिकेच्या प्रमुखाची असावी, कारण नकाशा वापरणार तेच कार्यालय आहे. ठेकेदार बिल घेऊन जातो, नगरपालिका इथेच राहते.

भुसावळकरांना एवढंच सांगायचं आहे. 1966 च्या नगररचना कायद्याप्रमाणे विकास योजनेचा मसुदा हरकती आणि सूचनांसाठी प्रसिद्ध करावाच लागतो. तो लागला की मिळकत पत्रिका किंवा सातबारा, आणि असेल तर मोजणीची क-प्रत हातात घेऊन जा. आपला प्लॉट शोधा, पूररेषा कुठे आली ते पाहा, नाला कुठे तुटला ते पाहा. हा थर कोणत्या सालच्या कागदावरून घेतला, किती मीटर इकडेतिकडे आहे आणि कोणाच्या सहीनं बसवला, हे विचारा. उत्तर मिळालं नाही तर मुदत संपण्याच्या आत लेखी हरकत द्या आणि तिची पोच घ्या.